नांदुरा

महाराष्ट्राच्या बुलढाणा जिल्ह्यातील एक शहर व तालुक्याचे ठिकाण. ज्ञानगंगा नदीकाठी, मलकापूर व शेगाव यांच्या दरम्यान वसलेले. जिल्ह्याचे ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ असे दोन भाग मानतात. नांदुरा घाटाखालचे, म्हणजे वऱ्हाडाच्या जुन्या पाईनघाटातले. अजिंठ्याच्या डोंगररांगेतून उतरलेली ज्ञानगंगा उत्तरेकडे पूर्णेला मिळते आणि पूर्णा पश्चिमेला वाहत जाऊन चांगदेवजवळ तापीत विसर्जित होते.

जमीन काळी, भारी, कपाशीची. त्याबरोबर तूर, सोयाबीन आणि हरभराही होतो. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात मात्र विहीर खोदून भागत नाही: पाणी लागते, पण खारे. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि तेच पाणी शेताला दिले तर माती चोपण होते. सुपीक जमिनीवर राहूनही येथील शेतकऱ्याला आभाळाकडे पाहावे लागते, त्याचे मूळ या पाण्यात आहे.

वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजी कारभाराखाली आले. भुसावळहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा 1867 मध्ये नागपूरला पोहोचला, तो नांदुऱ्यावरून. पुढच्याच जलंब स्थानकापासून 1870 मध्ये खामगावच्या कापूसबाजाराकडे शाखा निघाली. घाटाखालच्या गावांचे नशीब या रुळांनी ठरवले, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या बुलढाण्याला आजही रेल्वे नाही. नांदुरा तेव्हा मलकापूर तालुक्यात होते; स्वतंत्र तालुका बराच नंतर झाला. मुंबई–कोलकाता महामार्गही येथूनच जातो. त्यालगतची 105 फूट उंच हनुमानमूर्ती प्रवाशांच्या परिचयाची आहे.

तालुक्याच्या वसाहतीचा सर्वांत मोठा फेरबदल आपल्या डोळ्यांदेखत घडत आहे. पूर्णेवरील जिगाव धरणप्रकल्पामुळे खारपाणपट्ट्याला गोडे पाणी मिळेल, ही आशा रास्तच आहे. परंतु त्यासाठी नदीकाठची जुनी गावे उठत आहेत. पुनर्वसनाच्या गावठाणात प्लॉट मिळतो, रस्ता आखून मिळतो; पण पांढरीतली घरे, पार, नदीचा घाट आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार जसाच्या तसा उचलून नेता येत नाही. या गावांची शिवारनावे, दैवते आणि वाड्या-गल्ल्यांची रचना बुडितात जाण्यापूर्वी तालुक्यातील शाळा-महाविद्यालयांनी व ग्रामपंचायतींनी नोंदवून ठेवावी.