हिटलरच्या तबकड्या आणि आपल्या

हिटलरच्या जर्मनीने उडत्या तबकड्या बनवल्या होत्या, ही गोष्ट महाड-पोलादपूरकडे मी बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकली आहे. सांगणारा हिंदू असो की मुसलमान, डोळ्यांत चमक सारखीच. कुणी पुढे जोडतो की जर्मनांनी हे ज्ञान आपल्या संस्कृत पोथ्यांतून नेलं. मग आमच्या मोहल्ल्यातला कुणी म्हणतो, माणूस त्याच्या कितीतरी आधी अंदलूसमध्ये उडाला होता.

गोल पंखाचं एक विमान जर्मनीत खरोखर बनलं होतं. लाइपझिगजवळच्या आर्थर साक नावाच्या शेतकऱ्याने ते लाकडात उभं केलं आणि जुन्या विमानांचे भाग त्याला जोडले. १९४४ मध्ये ब्रांडिसच्या विमानतळावर चाचण्या झाल्या. ते पळालं, जरासं उचललं गेलं, पण नीट उडालं कधीच नाही.

तबकडीची कथा मात्र युद्धानंतरची आहे. जून १९४७ मध्ये केनेथ अर्नोल्ड या अमेरिकी वैमानिकाने आकाशात चमकत्या वस्तू पाहिल्याचं सांगितलं आणि वर्तमानपत्रांनी ‘उडती तबकडी’ हा शब्द जगभर पोचवला. मार्च १९५० मध्ये मुसोलिनीचे माजी मंत्री जुझेप्पे बेल्लुत्सो म्हणाले, असली यानं युद्धातच आखली गेली होती. त्याच महिन्यात रुडॉल्फ श्रीवर हा जर्मनही पुढे आला. शब्द आधी जन्मला, यंत्राची आठवण तीन वर्षांनी झाली!

गुप्त असल्यामुळे पुरावा उरला नाही, असं म्हणतात. पण व्ही-२ रॉकेटही गुप्तच होतं. त्याचे सांगाडे सापडले, कागद सापडले, ते बनवणारे इंजिनिअर अमेरिकेने उचलून नेले. आणि कैदीही सापडले. डोरा छावणीत आणि तिच्या उपछावण्यांत सुमारे ६० हजार माणसं राबवली गेली, त्यांतली २० हजारांच्या आसपास मेली. ‘जर्मन म्हणजे जर्मनच’ असं कौतुकाने म्हणणाऱ्यांना ही माणसं आठवत नाहीत. मला या गप्पांतलं सगळ्यात जास्त खटकतं ते हे.

आणि आपल्या जिल्ह्याला जर्मन शस्त्र कळायला अफवेची गरज नव्हती. महाडहून मुंबईच्या रस्त्याला लागलं की माणगाव येतं. त्या तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात होते. शत्रूच्या मशीनगनने त्यांच्या तुकडीतले सगळे पडले. ते एकटे चालून गेले, बॉम्ब टाकला, एकाला गोळी घातली आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. तबकडीची गोष्ट सांगणारे त्याच रस्त्याने मुंबईला जातात.

आता पोथ्यांचं. ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ सुब्बराय शास्त्रींनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तोंडी सांगून लिहवून घेतला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये तो तपासला. तो १९०४ च्या मागे जात नाही आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष. तरी जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेलाच.

इथपर्यंत आमचे लोक मान डोलावतात. मग मी अब्बास इब्न फिर्नासचं नाव काढतो. नवव्या शतकात कुर्तुब्यात हा विद्वान पिसं लावून उडाला, असं अल-मक्करी लिहितो. पण तो सतराव्या शतकातला, म्हणजे साडेसातशे वर्षांनंतरचा. त्याच्या काळची साक्ष म्हणजे मोमिन इब्न सईद या कवीची एक ओळ, आणि तो कवी इब्न फिर्नासचा टीकाकार होता. विरोधकाची साक्ष असल्यामुळे त्याने काहीतरी धाडस केलं असावं, असं मला वाटतं. पण आमच्या ग्रुपवर फिरतात ते ‘दहा मिनिटं हवेत’ आणि ‘राइट बंधूंनी चोरलं’ हे मक्करीतही नाही. मक्करीत आहे ते असं: उतरताना त्याची पाठ दुखावली, कारण पक्षी शेपटीच्या आधाराने उतरतो आणि त्याने शेपटी लावली नव्हती.