चावी ‘ऑन’ राहिल्यास मोटारसायकलची बॅटरी का उतरते?

बंगळुरूच्या आग्नेय भागातील एचएसआर लेआउट ही वसाहत होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांवरून नाव मिळालेली, सात सेक्टरांत विभागलेली आहे. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील नोकरदारांची येथे दाट वस्ती असून त्यांपैकी अनेकांचे रोजचे वाहन दुचाकी हेच आहे. रात्री तळघरातील वाहनतळात उभी केलेली गाडी सकाळी स्टार्टरचे बटण दाबताच केवळ ‘टक्-टक्’ आवाज करते, हा प्रकार अशा वसाहतींत नवा नाही. चावी रात्रभर ‘ऑन’ राहिलेली असणे, हे त्याचे एक नेहमीचे कारण होय.

चावी न फिरवताही इंजिन बंद पडू शकते, हे या विसराळूपणाचे मूळ आहे. हँडलवरील लाल ‘किल स्विच’ इंजिन थांबवतो, परंतु विद्युतमंडल खंडित करीलच असे नाही. अनेक नव्या गाड्यांत साइड स्टँड लावताच इंजिन बंद होते. आवाज थांबला की गाडी बंद झाली, असे चालक समजतो. मागील दिवा आणि मीटर मात्र वीज घेतच राहतात.

याचे गणित सोपे आहे. १०० ते १२५ सीसी गाडीची बॅटरी १२ व्होल्टची आणि साधारण ३ ते ५ अँपिअर-तास क्षमतेची असते. ३५ वॉटचा हेडलाइट सुमारे ३ अँपिअर प्रवाह घेतो. म्हणजे ५ अँपिअर-तासांची पूर्ण भारित बॅटरीही दीड तासाच्या आसपास रिकामी होते. दोन-अडीच वर्षे वापरलेली बॅटरी तितकाही वेळ टिकत नाही. केवळ मागील दिवा व मीटर चालू राहिल्यास रात्र पुरेशी ठरते.

१ एप्रिल २०१७ पासून भारतात नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू असेपर्यंत आपोआप पेटता राहणे बंधनकारक झाले. काही मॉडेलांत तो इंजिन सुरू झाल्यावरच लागतो, तर काहींत चावी फिरवताच. दुसऱ्या प्रकारात धोका अर्थातच अधिक.

पूर्वीच्या गाड्यांची गोष्ट निराळी होती. १९८५ मध्ये आलेल्या हीरो होंडा सीडी १०० सारख्या गाडीत ठिणगीसाठी लागणारी वीज मॅग्नेटोतून मिळे. बॅटरी मेली तरी किक मारून घर गाठता येई. याउलट म्हैसूरला तयार होणाऱ्या जावा-येझदी गाड्यांचे प्रज्वलन ६ व्होल्टच्या बॅटरीवर अवलंबून असे. त्यांत चावी चालू राहिली आणि प्लॅटिनम पॉइंट नेमके मिटलेल्या स्थितीत असले, तर प्रवाह कॉइलमधून सतत वाहून बॅटरीबरोबर कॉइलही तापून निकामी होण्याची भीती होती. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांमुळे बहुतेक गाड्यांत इंधन-अंतःक्षेपण प्रणाली आली. तिचा पंप आणि नियंत्रक विजेवर चालतात आणि अनेक मॉडेलांतून किकही गेली आहे.

लेड-अॅसिड बॅटरी उतरली की तिच्या पट्ट्यांवर शिसे सल्फेट साचते. ती त्याच अवस्थेत काही दिवस राहिल्यास त्याचे स्फटिक कठीण होतात आणि गमावलेली क्षमता पूर्णपणे परत येत नाही. म्हणून उतरलेली बॅटरी ‘रविवारी पाहू’ म्हणून ठेवणे महागात पडते. विश्रांत अवस्थेत १२.६ व्होल्ट वा अधिक दाब असल्यास बॅटरी भरलेली, तर १२ व्होल्टखाली गेल्यास जवळजवळ रिती समजावी.

गिअरच्या गाडीत दुसरा गिअर टाकून ढकलस्टार्टचा प्रयत्न करता येतो. मात्र बॅटरी पूर्ण मृत असल्यास इंधन पंप चालत नाही आणि घाम व्यर्थ जातो. गिअरविरहित स्कूटरला हा उपाय लागूच नाही. भारणासाठी क्षमतेच्या एक-दशांश प्रवाह योग्य, म्हणजे ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीस अर्धा अँपिअर. मोटारीचा मोठा चार्जर वापरू नये. गाडी सुरू झाल्यावर सिल्क बोर्ड चौकातील कोंडीत तासभर उभे राहून बॅटरी भरत नाही, कारण मंद गतीवर भारण क्षीण असते. मोकळ्या रस्त्यावरील सलग फेरीच उपयोगी पडते.

बदललेली जुनी बॅटरी कचऱ्यात टाकता येत नाही. २००१ च्या नियमांची जागा घेणाऱ्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेऊन पुनर्वापरास देण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. शिशाला भाव असल्याने दुकानदारही नव्या बॅटरीच्या किमतीतून जुनीचे मोल सहसा वजा करतात.