कलाभवन आणि कारागिराचा मुलगा

जर्मन रसायनज्ञांनी १८६८ साली मंजिष्ठेतील लाल रंगद्रव्य डांबरातून निघणाऱ्या पदार्थापासून कृत्रिम रीतीने सिद्ध केले, आणि पुढल्या काही दशकांत आल व मंजिष्ठा यांच्या मुळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या उदरनिर्वाह करणारा आपल्याकडील रंगारी विलायती पुडीच्या आधीन झाला. त्याच्या हाताचे कसब तिळमात्र उणे झाले नव्हते. पण पुडीत काय आहे आणि ती अशी का वागते, हे सांगणारे त्याच्या घरात, जातीत वा पेठेत कोणी उरले नव्हते. कारागिराच्या मुलाला शाळेत नवे रसायन व नवे यंत्र शिकवावे, हा विचार आपल्याकडे रुजला तो अशा विपत्तीच्या काळात.

मुंबईस १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली खरी; परंतु तेथील शिक्षण इंग्रजीतून होते, आणि इंग्रजी शाळेची पायरी न चढलेल्या मुलाला त्याचा उपयोग थोडाच होता. तीनच वर्षांनी, १८९० साली, बडोद्यास श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांच्या आश्रयाने कलाभवन उघडले, त्याचे मोल मला यासाठी अधिक वाटते. संस्थेची धुरा त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्याकडे आली. ते बडोदा कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते आणि जन्माने सुरतेच्या सुतार जातीतले. हत्यार धरणाऱ्या जातीत जन्मून प्रयोगशाळेत पोहोचलेला असा पुरुष त्या काळी विरळा, आणि अशा माणसावर भरवसा टाकणारा दरबारही विरळाच.

कलाभवनात रंगकाम, विणकाम, चित्रकला, यंत्रविद्या अशी निरनिराळी खाती होती, आणि शिकवण्याची भाषा प्रजेची होती. रंगखात्यातील विद्येचे मर्म एका उदाहरणाने ध्यानी येईल. सुती कापडाला मंजिष्ठेचा लाल रंग नुसता उकळून चढत नाही. कापड आधी हिरड्याच्या काढ्यात भिजवावे लागते, मग तुरटीच्या पाण्यातून काढावे लागते, आणि त्यानंतर रंगाच्या भांड्यात उकळले की तांबडा उठतो. तुरटीच्या जागी हिराकस घेतला, तर त्याच भांड्यातून तेच कापड जांभळट काळे होऊन बाहेर येते. जुन्या रंगाऱ्याला हा क्रम मुखोद्गत होता. परंतु रंग पक्का धरतो तो धातूच्या क्षारामुळे, आणि क्षार बदलला की छटा बदलते, एवढे कारण ज्याला उमगले त्याला डांबराची पुडीही परकी राहत नाही, आणि उद्या तिच्या जागी दुसरी कोणती आली तरी तो अडून बसत नाही. कसब आणि कारण यांची अशी गाठ घालून देणे हेच माझ्या मते कारागिरीच्या शाळेचे खरे काम. गज्जरांनी ते ओळखले, आणि मुलांना देशी भाषेत वाचावयास काही असावे म्हणून ‘सयाजी ज्ञानमंजूषा’ या मालेतून शास्त्रीय व औद्योगिक विषयांवरील पुस्तके तयार करविण्याचा उद्योगही आरंभिला.

त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर याच कलाभवनात शिकले. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणताना चित्रण, धुलाई आणि जोडणी त्यांनी आपल्या देखरेखीखाली करविली, ती अनेक हुन्नर एकाच छपराखाली शिकलेल्या माणसाला साजेशीच गोष्ट होती.

गज्जर १८९६ साली बडोदे सोडून मुंबईस गेले. चापेकर बंधूंनी राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्यास फासलेले डांबर त्यांनीच तेथे काढून दाखविले, आणि त्यांची कीर्ती लोकांच्या तोंडी झाली ती बहुतांशी या प्रसंगाने. पुतळ्याच्या या कथेपुढे १९०७ साली त्यांचे शिष्य कोटिभास्कर व अमीन यांच्या साहाय्याने उभा राहिलेला अलेंबिक हा रसायनांचा कारखाना मागे पडावा, हे मला खटकते. कलाभवन १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रविद्याशाखा झाले. पदवीची प्रतिष्ठा मिळाली, हे उत्तमच. पण देशी भाषेत थोडेफार शिकलेल्या मुलासाठी जे दार मुद्दाम उघडले होते, ते त्या प्रतिष्ठेच्या उंचीवर गेले.

तशाच मुलासाठी दार पुन्हा उघडले ते पुणे जिल्ह्यातील पाबळ गावी. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात काम केलेले अन्नतंत्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तेथे विज्ञान आश्रम स्थापिला आणि मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय शाळांत नेला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातून एक दिवस वेल्डिंग, वीजजोडणी, शेती, माती-पाण्याची परीक्षा आणि आरोग्य यांत घालवावा, आणि शिकलेल्या कामाचा गावाला उपयोग करून द्यावा, अशी ती योजना. २००२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेच्या सहकार्याने या आश्रमात फॅब लॅब उभी राहिली, आणि संगणकाच्या आज्ञेवर वस्तू कातणारी व कापणारी यंत्रे पाबळच्या मुलांच्या हाताशी आली. पुण्यामुंबईच्या पुष्कळ शाळांत ती पोहोचण्याच्या कितीतरी आधी.