एक कोन, एक खोका

घरी गाणं ऐकण्यासाठी हाताने बांधलेला, एकाच कोनाचा, म्हणजे आवाज काढणाऱ्या एकाच शंकूचा स्पीकर हा आज पैसेवाल्या शौकिनांचा विषय मानला जातो. इंग्लंडच्या लोदर किंवा जपानच्या फॉस्टेक्स कंपनीचं युनिट मागवायचं, त्याच्यासाठी आतून वळणं घेत जाणारी लाकडी पेटी करवून घ्यायची आणि जोडीला तीन-चार वॉटचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर लावायचा, असा हा थाट. भारतात कोचीच्या जेकब जॉर्ज यांनी 'रेथम' या नावाने असे स्पीकर घडवले आणि ते परदेशातही पोचवले. त्यामुळे ही आवड बाहेरून आली आणि अलीकडेच आली, असं वाटणं साहजिक आहे. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर क्रम उलटा लागतो. एका कोनातून ऐकणं ही इथल्या घरांची तीस-चाळीस वर्षांची रीतच होती, आणि ती चैनीतून नव्हे, काटकसरीतून आली होती. तिच्यातली कारागिरीही मुळापासून घडवण्याची नव्हती. कारखान्यात झालेले भाग आणून ते नीट जुळवण्याची होती. या जुळणीचा अर्थ लावायचा तर स्पीकरसाठी नव्हे, मागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भिवंडीकडे आधी पाहणं सोयीचं आहे.

भिवंडीत विणकामाचा मोठा पसारा वाढला तो 1857 नंतर उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकरांमुळे. ते हातमागावर साड्या विणत. पुढे वीज आली आणि हातमागाच्या जागी यंत्रमाग बसू लागले. पण हे माग नवे कोरे नव्हते. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग विकत घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि चार-सहा मागांच्या शेडमध्ये चालवायचे, असा तो व्यवहार होता. 18 जानेवारी 1982 ला कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, तेव्हा मुंबईचं बरंचसं विणकाम भिवंडीकडे सरकलं, कारण ते उचलणारी यंत्रणा तिथे आधीपासून उभी होती. या गावाचं कसब यंत्राचा शोध लावण्यात नव्हतं. दुसऱ्याने बनवलेलं यंत्र आपल्या जागेत, आपल्या भांडवलात बसवून त्यातून विकण्याजोगा माल काढणं, हे ते कसब. अर्थशास्त्राच्या पुस्तकात त्याला फारसं मानाचं स्थान नाही, पण ठाणे जिल्ह्यातल्या बऱ्याच धंद्यांचा इतिहास त्याच्याशिवाय सांगता येत नाही.

घरगुती आवाजाचा धंदाही याच पट्ट्यात, याच रीतीने वाढला. ध्वनिकुंडली चुंबकाच्या फटीत हलवून कागदी कोनाने हवा ढकलायची, ही आजच्या स्पीकरची रचना अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी 1925 मध्ये मांडली. मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र 23 जुलै 1927 ला सुरू झालं. स्वातंत्र्यानंतर ठाण्यात मर्फीचा कारखाना उभा राहिला, आणि जाहिरातीतल्या, ओठांवर बोट ठेवलेल्या बाळाचं चित्र घरोघरी पोचलं. या काळातल्या बहुतेक टेबल रेडिओंची रचना सारखीच: लाकडी खोका, पुढे कापड, मागे भोकं पाडलेला पुठ्ठा आणि मध्ये एकच गोल किंवा लंबगोल स्पीकर. ज्याला कंपनीचा रेडिओ परवडत नसे तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन मेकॅनिककडून सेट 'असेंबल' करून घेई. व्हॉल्व्ह एकाचे, ट्रान्सफॉर्मर दुसऱ्याचा, स्पीकर तिसऱ्याचा आणि खोका गल्लीतल्या सुताराचा. कोन फाटला तर स्पीकर फेकत नसत, नवा कोन चिकटवून घेत. गिरणीच्या जुन्या मागाला दुरुस्त करून चालवणाऱ्या शेडची आणि या मेकॅनिकच्या टेबलाची विचारसरणी एकच आहे.

पण काटकसर म्हणजे निकृष्ट आवाज, असं समीकरण मांडण्याआधी त्या एका कोनावर काय सोपवलं होतं ते पाहायला हवं. व्हॉल्व्हचा घरगुती सेट जेमतेम तीन-चार वॉट शक्ती देई. स्पीकरची संवेदनशीलता दहा डेसिबलने कमी असेल तर तेवढाच आवाज काढायला दहापट वॉट लागतात. म्हणून हलका कागदी कोन आणि कमी विजेत मोठा आवाज हीच त्या सेटची गरज होती. प्रसारण मध्यम लहरींवर. तिथे दोन केंद्रांमधलं अंतर नऊ-दहा किलोहर्ट्झचं, म्हणजे साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही घरापर्यंत येतच नसे. आणि ऐकायचं काय, तर मुख्यतः माणसाचा गळा. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा मध्य षड्ज साधारण 139 हर्ट्झवर, काळी पाचमध्ये गाणारीचा 233 वर; दोघांच्याही स्वरांचे महत्त्वाचे उपस्वर तीन-चार हजारांच्या आत मावतात. हा सगळा पट्टा एकच कोन अखंड पेलतो. खालच्या सुरांचा वूफर आणि वरच्या सुरांचा ट्वीटर अशी दोघांत वाटणी केली की सांधा बहुतेक दोन ते तीन हजार हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे कान सर्वांत तीक्ष्ण असतो त्या भागाच्या तोंडाशीच. 'क्रॉसओव्हर' म्हणतात तो कॉइल आणि कपॅसिटरचा हा सांधा जमवणं तंत्रज्ञाचं काम आहे. तो न जमल्यास एकाच गळ्याचे दोन तुकडे ऐकू येतात. एक कोन असेल तर तो प्रश्नच उद्भवत नाही. 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि सुधीर फडके यांच्या गीतरामायणाची छप्पन्न गीतं आठवड्यामागून आठवड्याने प्रसारित झाली, ती बहुतेक घरांनी अशाच एका कोनातून ऐकली. 1956 मध्ये युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी रेडिओ मंच चालवले, तेव्हाही गावकरी एकाच सेटभोवती बसून ऐकत आणि मग चर्चा करत. शब्द स्पष्ट कळला नसता तर चर्चा कसली झाली असती?

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: ही सक्ती होती, निवड नव्हती, जे परवडत नव्हतं त्याला नंतर गुणाचं नाव दिलं. यात तथ्य आहे. भौतिकशास्त्र कुणाची भीड ठेवत नाही. पन्नास हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास सात मीटर, दहा हजारांची साडेतीन सेंटीमीटरहून कमी. वीस सेंटीमीटर व्यासाचा कोन साधारण सतराशे हर्ट्झच्या पुढे आवाज झोतासारखा समोरच फेकू लागतो. कोपऱ्यात बसलेल्याला वरचे सूर मंद ऐकू येतात. डग्ग्याचा घुमारा आणि तानपुऱ्याचा खर्ज खोक्याच्या उघड्या पाठीमागून विरून जातो. म्हणूनच ऐपत असलेल्या घरांतल्या मोठ्या रेडिओग्रामांत दोन-तीन स्पीकर असत, हेही मान्य करायला हवं. पण सक्तीतून सुरू झालेली गोष्ट निव्वळ सक्तीच राहते, हा निष्कर्ष टिकत नाही. इंग्लंडमध्ये पॉल व्होइग्ट यांनी 1930 च्या दशकात एकाच युनिटला दुहेरी कोन लावून आणि खोलीच्या कोपऱ्यात बसणारा शिंगाच्या आकाराचा खोका करून याच मर्यादांवर उत्तर शोधलं. लोदरची परंपरा तिथून निघते. त्याच दशकात सिनेमागृहांनी मात्र आवाजाची वाटणी पत्करली, कारण तिथे हजार माणसांचं सभागृह भरायचं होतं. दिवाणखान्याची गरज वेगळी होती. अनेक कोनांची पद्धत एका जागेच्या गरजेतून आली, एका कोनाची दुसऱ्या जागेच्या. कोणती पुढारलेली आणि कोणती मागासलेली, हा प्रश्न त्या जागा बाजूला ठेवून विचारता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. युनिट कारखान्याचं, व्हॉल्व्ह कारखान्याचे, तारही कारखान्याची. मग हाताचं उरलं काय? खोका. आणि एका कोनाच्या स्पीकरमध्ये खोका म्हणजे नुसतं आवरण नसतं, निम्मं वाद्य तोच असतो. कोनाच्या पुढून निघणारी लहर आणि मागून निघणारी लहर एकमेकींना मारतात; मागच्या लहरीला किती लांब वाट द्यायची, कुठे सोडायची, यावर खर्ज ठरतो. फळी किती जाड, प्लायवूड की सागवान, सांधा किती घट्ट, आत कापूस किती भरायचा, हे सुताराच्या हातात असतं, आणि इथे चूक झाली तर जगातलं सर्वोत्तम युनिटही डबा वाजावा तसं वाजतं. भिवंडीच्या मागाशी केलेली तुलना इथे एका जागी थांबते, हेही नोंदवलं पाहिजे. यंत्रमागाच्या शेडमध्ये जुळणीचं कसब लवकरच मोठ्या प्रमाणावरच्या उत्पादनात विरघळलं: माग वाढले, पाळ्या बारा तासांच्या झाल्या, मजुरी वारानुसार ठरू लागली आणि कापडावर विणणाऱ्याची खूण उरली नाही. खोका करणाऱ्याला असं प्रमाण कधी गाठता आलं नाही. त्याचा धंदा लहानच राहिला, म्हणून त्याची खूण शिल्लक राहिली. पण लहान राहिल्यामुळेच कॅसेट आणि स्टीरिओ आले तेव्हा तो तगला नाही. हाताच्या कामाचं कौतुक करताना या दोन्ही बाजू एकत्रच स्वीकाराव्या लागतात.

आज भिवंडीचं नाव मागांइतकंच गोदामांमुळे घेतलं जातं. मुंबईच्या जकात हद्दीबाहेर, पण मुंबईच्या दाराशी, म्हणून मानकोली, काल्हेर, पूर्णा, वळ या भागात गोदामं वाढली. 2017 मध्ये जकात संपली तरी ती हलली नाहीत. ऑनलाइन मागवलेली इलेक्ट्रॉनिक वस्तू मुंबईकराच्या घरी पोचण्याआधी या भागात मुक्काम करते, ही आता नेहमीची गोष्ट आहे. त्यातल्या तळहाताएवढ्या ब्लूटूथ स्पीकरांपैकी अनेकांत एकच छोटा कोन असतो. म्हणजे एका कोनातून ऐकणं संपलेलं नाही; संपला आहे तो उघडता येणारा खोका. चिकटवून बंद केलेल्या डब्यात कोन बदलता येत नाही, फळी बदलून पाहता येत नाही, आणि बिघडला की तो कचऱ्यात जातो. त्यामुळे या परंपरेचं जतन करायचं असेल तर जुने रेडिओ काचेच्या कपाटात मांडून किंवा लाखाचं युनिट मागवून ते होणार नाही. अजूनही कोन चिकटवून देणारे कारागीर सापडतात, मापात पेटी करणारे सुतार आहेत, आणि चांगलं युनिट कमी किमतीतही मिळतं. या कारागिरांना आणि सुतारांना काम मिळालं तर ही रीत पुन्हा तिच्या मूळ जागी, म्हणजे सामान्य ऐपतीच्या घरात, येऊ शकते. ती शौकिनांच्या ताब्यात गेली यात तिचा गौरव नाही. तिच्या इतिहासाचा अर्धा भाग त्यामुळे पुसला गेला आहे.