पगार, भत्ता आणि वरकमाई : ट्रक ड्रायव्हरच्या मिळकतीचा इतिहास

भारतातल्या ट्रक ड्रायव्हरचे घर निव्वळ पगारावर क्वचितच चालले. महिन्याचा ठरीव पगार, फेरीमागे मिळणारा भत्ता आणि वाटेत जुळवून आणलेली वरकमाई, या तिन्हींची बेरीज म्हणजे त्याची मिळकत. यातला पगार सुरुवातीपासूनच तुटपुंजा. गेल्या तीन-चार दशकांत कात्री लागली ती मुख्यतः उरलेल्या दोन भागांना, आणि त्यांच्याबरोबर वाटेतली उसंतही गेली. कायद्यांची वाण होती असे म्हणता येत नाही. कायदे झाले, पण हा धंदा ज्या रीतीने उभा राहिला, त्या रीतीत ते ड्रायव्हरपर्यंत पोचलेच नाहीत.

देशात ट्रकच्या मालवाहतुकीला जोर आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. लष्कराने विक्रीला काढलेल्या जुन्या गाड्या व्यापाऱ्यांनी घेतल्या, फौजेतून मोकळे झालेले चालक त्यांवर बसले आणि फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या अनेक कुटुंबांनी हाच धंदा पत्करला. १९५४ पासून टेल्को कंपनी डायम्लर-बेन्झच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनवू लागली. कारखान्यातून बहुधा नुसती चासी बाहेर पडे. केबिन आणि हौदा बांधायचे काम गावोगावचे सुतार-लोहार करत. लाकडी चौकटीवर पत्रा ठोकलेल्या या केबिनमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या हाताशीच असे. त्याच्या झाकणावर गोधडी टाकून क्लीनर बसे, आणि उन्हाळ्यात कसारा घाट किंवा बोरघाट चढताना झाकणाची धग गोधडीतूनही लागे. मागच्या फळीवर एकाने झोपायचे, दुसऱ्याने जागायचे. पॉवर स्टीअरिंग नसल्याने भरलेली गाडी वळणावर फिरवायला खांद्यात जोर लागे.

स्वातंत्र्यानंतरची पहिली दोन-तीन दशके ट्रकची संख्या परवान्यांनी बांधलेली होती. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात गाडीने कुठवर जायचे हे परवान्यावरून ठरे. रेल्वेचा माल रस्त्याने पळू नये, हा त्यामागचा एक हेतू. मिनू मसानी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९५९ मध्ये ही बंधने सैल करावीत असे सुचवले, तरी देशभर फिरण्याचा राष्ट्रीय परवाना यायला १९७५ साल उजाडले. ज्याच्या हाती परवाना त्याचे भाडे टिकून असे, आणि आडरानात बंद पडलेली गाडी स्वतः उघडून चालू करणारा ड्रायव्हर मालकाला सहजासहजी बदलता येत नसे. त्या काळाला सोन्याचा मुलामा चढवायचे कारण नाही, पण कसबी ड्रायव्हरला तेव्हा काही भाव होता हे खरे.

हे कसब शिकायची शाळा एकच : क्लीनरकी. पोरगा गाडीवर चढे, काचा पुसे, टायरवर ठोका मारून हवेचा अंदाज घ्यायला शिके, दोरखंड आणि ताडपत्री आवळे, चढावर गाडी थांबली की चाकामागे दगड लावे. काही वर्षांनी मोकळ्या रस्त्यावर स्टीअरिंग हाती येई.

१९६१ मध्ये मोटार वाहतूक कामगार कायदा झाला. दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास काम, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, आठवड्याची सुट्टी, जादा कामाचा दुप्पट मोबदला अशी त्याची कलमे. मात्र पाच किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांनाच तो आपोआप लागू होई. राज्य परिवहनाच्या बसचालकाला त्याचा फायदा मिळाला, कारण त्याचा मालक एकच आणि मोठा होता. ट्रकचा धंदा याच्या उलट. बहुतेक मालकांकडे एक-दोन, फार तर चार गाड्या. काही ठिकाणी त्याही घरातल्या निरनिराळ्या माणसांच्या नावावर. पाच कामगारांचा आकडा बहुतेकदा गाठला जात नसे, आणि जिथे जाई तिथे रात्री दोन वाजता धुळ्याच्या पुढे गाडी हाकणाऱ्याचे तास मोजायला कोणी नसे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेही कामाच्या तासांसाठी याच जुन्या कायद्याचा हवाला दिला.

विखुरलेल्या कामगाराला संरक्षण देताच येत नाही, असे कोणी म्हणेल तर त्याला महाराष्ट्रातलेच उदाहरण दाखवता येते. त्याच ट्रकमध्ये माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या माथाडींचाही मालक ठरलेला नव्हता. आज या गाळ्यावर, उद्या त्या. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यानंतर १९६९ मध्ये राज्याने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. कामगार आणि मालक दोघांचीही नोंद कायद्याखाली नेमलेल्या मंडळाकडे, मजुरीचा भरणा मंडळात आणि वर मालकाकडून लेव्ही. तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी. मंडळांचा कारभार पुढे कसा चालला यावर पुष्कळ बोलता येईल, पण रचना कामाची होती. नवी मुंबईच्या बाजार समितीत पाठीवर पोते घेणाऱ्याला ती मिळाली. ते पोते नाशिकहून घेऊन आलेल्या ड्रायव्हरला नाही. माथाडी रोज एकाच बाजारात एकमेकांना भेटत, संघटना बांधू शकत. ड्रायव्हर ढाब्यावर भेटत आणि तासाभरात चार दिशांना पांगत.

ड्रायव्हरच्या हाती जे पडे ते फेरीच्या हिशेबातून. निघताना मालक उचल देई. तिच्यातून डिझेल, टोल, पंक्चर, जेवण आणि नाक्यावरची चिरीमिरी भागवायची. परत आल्यावर वही उघडली जाई आणि एकेका खर्चावर घासाघीस चाले. पावती नसलेला खर्च, म्हणजे मुख्यतः चिरीमिरी, मालकाने मानला तर मानला. काही ठिकाणी फेरी उक्ती ठरे : एवढी रक्कम घे, उरेल ते तुझे. मग डिझेल वाचवणे, वाटेत सवारी बसवणे, परतीच्या रिकाम्या गाडीत परभारे माल घेणे, हद्दीबाहेरचे वजन भरून जास्तीच्या भाड्यातला वाटा मिळवणे हे सारे आलेच. यातले बरेचसे बेकायदा होते, आणि मालकाला ते ठाऊक नव्हते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. कमी पगाराची भरपाई या वाटेने होते, हे धरूनच पगार ठरे.

नव्वदच्या दशकापासून चित्र पालटले. परवाने मोकळे झाले, ट्रकसाठी कर्ज सोपे झाले आणि कालचा ड्रायव्हर हप्त्यावर जुनी गाडी घेऊन मालक बनू लागला. गाड्या वाढल्या तसे भाडे ठरवण्याची सूत्रे माल देणारी कंपनी आणि दलाल यांच्या हाती गेली. डिझेल, टायर, विमा, हप्ता या खर्चांना हात लावता येत नाही. ज्याला लावता येतो तो एकच खर्च, माणसाचा. आधी क्लीनर गेला, मग दुसरा ड्रायव्हर. राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असावेत असा नियम होता, तो २०१८ मध्ये केंद्र सरकारने शिथिल केला. रस्त्यावरची रीत त्याआधीच बदलली होती. क्लीनर गेल्याने एक पगार वाचला आणि ड्रायव्हर तयार करणारी शाळा बंद पडली. चांगले ड्रायव्हर मिळत नाहीत ही मालकांची आजची तक्रार खरी आहे, पण तिचे एक मूळ या बचतीत आहे.

२०१८ मध्येच सरकारने वजनाची मर्यादा वाढवली. दोन आसांच्या ट्रकची एकूण मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टन झाली. तेवढ्याच गाड्यांत जास्त माल बसू लागला आणि भाड्यावरचा ताण वाढला. ओव्हरलोडचा वाटा, जो अनेकांच्या मिळकतीचा भाग होता, तोही आकसला.

याच सुमारास रस्त्यावरचे थांबेही कमी झाले. दहिसर, मुलुंड, मानखुर्द, ऐरोली या मुंबईच्या वेशींवर जकातीसाठी ट्रकांच्या रांगा लागत. तिथला जाच मोठा होता, पण त्याच रांगेत ड्रायव्हर झोपून घेई, स्टोव्ह पेटवून भात टाकी. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात संपली. २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला. वाचलेला वेळ ड्रायव्हरला विश्रांती म्हणून मिळाला नाही. महिन्यातल्या फेऱ्या वाढवण्यात तो खर्ची पडला. मालाबरोबर लागणाऱ्या ई-वे बिलाची मुदत अंतरावरून ठरते. २०१८ मध्ये ती दर १०० किलोमीटरला एक दिवस होती, २०२१ पासून २०० किलोमीटरला एक दिवस झाली, म्हणजे तेवढ्याच मुदतीत दुप्पट अंतर. जीपीएसमुळे गाडी कुठे उभी आहे हे मालकाला घरबसल्या कळते, डिझेल पंपावर कार्डाने भरले जाते, वाटेतली सवारी लपत नाही. वरकमाईच्या वाटा अशा एकेक करून बुजल्या. त्यातल्या अनेक बुजायलाच हव्या होत्या, पण त्या बुजल्या म्हणून पगार त्या मानाने वाढवला गेला नाही. कारखान्याच्या फाटकाबाहेर माल उतरण्याची वाट पाहण्यात जाणारे दिवस तेवढे राहिले, आणि त्यांचा मोबदला ड्रायव्हरला सहसा मिळत नाही.

सरकारी योजनांत ट्रक ड्रायव्हर ठळकपणे दिसू लागला तो एड्सच्या साथीत. नव्वदच्या दशकापासून महामार्गांवर तपासणी केंद्रे, समुपदेशन आणि निरोध वाटप सुरू झाले. काम गरजेचे होते. तरी महिनोन्‌महिने घराबाहेर ठेवणारी नोकरी बदलावी हा विचार त्यात नव्हता, ड्रायव्हर रोग पसरवतो एवढेच गृहीत होते. संपांतही ड्रायव्हर मागेच राहिला; चक्का जाम हे हत्यार मालकांचे. १९३६ मध्ये स्थापन झालेली ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेस ही वाहतूकदारांची संघटना; जुलै २०१८ च्या देशव्यापी संपात तिच्या प्रमुख मागण्या डिझेलचे दर, टोल आणि विम्याचे हप्ते यांविषयी होत्या. जानेवारी २०२४ मध्ये मात्र ड्रायव्हर स्वतःसाठी गाड्या सोडून उतरले. भारतीय न्याय संहितेत अपघातानंतर पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद होती. मनमाडजवळच्या पानेवाडीत इंधनाचे टँकर थांबले आणि राज्यभर पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. जुलै २०२४ मध्ये संहिता अमलात आली तेव्हा हे उपकलम बाजूला ठेवण्यात आले.

सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ड्रायव्हर दिवसाला सरासरी बाराएक तास गाडी चालवतात असे दिसले. सुमारे निम्म्यांनी थकवा किंवा झोप असतानाही गाडी चालवत असल्याचे सांगितले आणि दहांपैकी आठांहून अधिक जणांना आपल्या नातेवाइकाने या धंद्यात यावे असे वाटत नव्हते. २०२५ पासून नव्या मध्यम व जड ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले. जुन्या गाड्यांना ही सक्ती नाही. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहितेत विलीन करण्यात आला आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. तिच्यात मोटार वाहतूक आस्थापनेसाठी कामगारसंख्येची किमान अट पाचावरून दहावर गेली आहे.