मोठं अक्षर, टोपी आणि टिंब

प्रोग्रॅमिंग भाषांतल्या पॅटर्न मॅचिंगमध्ये हाती आलेली माहिती एकेका नमुन्याशी ताडून पाहतात. जो जुळेल त्याचा कोड चालतो आणि माहितीचे हवे ते तुकडे नमुन्यातल्या नावांत भरले जातात. भांडण नेहमी एकाच जागी पेटतं. नमुन्यात नुसतं एक नाव दिसलं, तर ते भरून घ्यायचं नवं नाव, की तुलनेसाठी आणलेली जुनी व्हॅल्यू?

१९७२च्या सुमारास फ्रान्समधल्या मार्सेय इथे आलँ कोलमरोएर आणि फिलीप रूसेल यांनी प्रोलॉग ही भाषा घडवली. प्रोलॉगच्या रूढ लिखाणात उत्तर पहिल्या अक्षरातच मिळतं: ते मोठं असेल तर चल, म्हणजे भरून घ्यायचं नाव, छोटं असेल तर ठरलेलं चिन्ह. नाव द्यायचंच नसेल तर फक्त अंडरस्कोर. इतका स्वच्छ तोडगा पुढे क्वचितच निघाला.

एरिक्सन कंपनीत जो आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी एर्लँग भाषेची पहिली आवृत्ती प्रोलॉगमध्येच लिहिली, त्यामुळे मोठ्या अक्षराचा नियमही सोबत आला. एर्लँगमध्ये चल एकदा भरला की बदलत नाही. तो पुन्हा नमुन्यात आला तर तुलनाच होते. जुझे व्हालीम यांच्या एलिक्झर भाषेने तेच नाव पुन्हा भरायची मुभा दिली आणि जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. म्हणून तुलना हवी असेल तिथे नावाआधी टोपीसारखं ^ हे चिन्ह आलं. २०१९च्या डिसेंबरमध्ये आलेल्या रूबी २.७नेही तीच टोपी घेतली.

पायथनमध्ये अक्षराच्या आकाराला व्याकरणात काही अर्थ नाही. शिवाय पायथन ३ मध्ये देवनागरीतही नावं ठेवता येतात, आणि आपल्या लिपीत मोठं-छोटं अक्षर नाहीच. प्रोलॉगचा नियम तिथे आपल्याला कायमचं बाहेर ठेवणारा ठरला असता. जून २०२०मध्ये पायथनचे जनक खीदो फान रोसम आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या पेप ६२२ या प्रस्तावात तुलनेच्या नावाआधी टिंब द्यायचं होतं. एवढंसं टिंब नजरेतून सहज निसटतं, असा आक्षेप आला आणि महिनाभरात ते गेलं. उरलं ते असं: नावाच्या मध्ये टिंब असेल, जसं वर्गाच्या नावापुढे त्याच्यातल्या स्थिरांकाचं नाव, तर तुलना, नुसतं नाव असेल तर भरणं.

पायथनचे एक विकासक निक कॉगलन यांनी पेप ६४२ या पर्यायी प्रस्तावात सुचवलं, की तुलना करायची तिथे == असं उघड लिहावं. फेब्रुवारी २०२१मध्ये पायथनच्या स्टीअरिंग कौन्सिलने मधल्या टिंबाचा नियम असलेला, ६२२च्या जागी आलेला पेप ६३४ स्वीकारला, ६४२ फेटाळला, आणि ऑक्टोबरमध्ये पायथन ३.१० आली.

या एका मुद्द्यावर मी कॉगलन यांच्या बाजूने आहे. पान न सापडल्यावर वेबसर्व्हर देतो ती ४०४ ही व्हॅल्यू ‘सापडलं_नाही’ या नावात ठेवून कुणी ते नाव नमुना म्हणून लिहिलं, तर तुलना होतच नाही. समोर येईल ते जुळतं आणि जुनी ४०४ पुसली जाते. त्याखाली आणखी नमुने असतील तर पायथन चूक दाखवून थांबते. पण हाच नमुना शेवटचा असेल तर प्रोग्राम निमूट चालतो, आणि सगळं ठीक असल्याचं सांगणारी २०० त्याच्यापर्यंत आली तरी पान सापडलं नाही असंच सांगतो.