कुत्रा चावला, जखम चिघळली, तर नुकसानभरपाई कशी ठरते? पहिल्या दिवसापासून कोणते कागद जपायचे?

कबनूर आणि इचलकरंजी यांच्यामधली हद्द नकाशावर दिसते, रस्त्यावर नाही. एका बाजूचे यंत्रमाग सुरू असताना दुसऱ्या बाजूचे कामगार पाळी संपवून घरी निघालेले असतात. समजा, अशाच एका पहाटे रस्त्यावरच्या कुत्र्यानं एका कामगाराच्या हाताला चावा घेतला. जखम छोटी, दोन दातांच्या खुणा. घरी जाऊन हळद लावली आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मागावर उभा राहिला. तिसऱ्या दिवशी हात सुजला, बोटं वाकेनात. तुटलेला धागा जोडणं ज्या बोटांवर अवलंबून, तीच बोटं कामातून गेली. मजुरी मीटरवर, त्यामुळे खाडा पडला की आठवड्याचा हिशेबही कोसळतो.

आता प्रश्न असा, की या कामगाराचं नुकसान किती? दोन दातांच्या खुणांएवढं, की त्यानंतरच्या सूज, शस्त्रक्रिया आणि बुडालेल्या मजुरीएवढं?

हा प्रश्न अनेकांचा आहे. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये देशभरात ३७ लाखांहून अधिक कुत्राचाव्यांची नोंद झाली. त्यातल्या सुमारे ४ लाख ८५ हजार नोंदी एकट्या महाराष्ट्रातल्या होत्या. पण भरपाईचा विषय निघाला की चर्चा बहुतेक वेळा जखमेवरच थांबते. जखमेतून पुढे होणारा संसर्ग हा दाव्यातला सगळ्यात मोठा आणि सिद्ध करायला सगळ्यात अवघड भाग असतो.

चाव्यातून कोणते संसर्ग होतात?

ढोबळमानानं दोन प्रकार आहेत.

पहिला जिवाणूंचा. कुत्र्याच्या तोंडात पाश्चुरेला, स्टॅफिलोकोकस, स्ट्रेप्टोकोकस असे अनेक जिवाणू असतात. दात आत रुतला की ते त्वचेखाली खोलवर जातात. वरून जखम लहान दिसते, पण आत पू साठू शकतो. पाश्चुरेलाचा संसर्ग अनेकदा २४ तासांच्या आतच लालसरपणा, सूज आणि ठणका घेऊन दिसतो. हाताच्या जखमांना धोका जास्त, कारण तिथे स्नायूबंध आणि सांधे त्वचेच्या अगदी जवळ असतात. मधुमेह असलेले, प्लीहा काढलेले, अति मद्यपान करणारे किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण जास्त जोखमीत येतात. कॅप्नोसायटोफॅगा नावाचा जिवाणू अशा लोकांमध्ये रक्तात पसरून जीवघेणा ठरू शकतो. धनुर्वाताचा धोकाही असतो, म्हणून त्याच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टर विचारतातच.

दुसरा प्रकार रेबीज. हा विषाणू मज्जातंतूंच्या वाटेनं मेंदूकडे जातो. लक्षणं दिसायला साधारण एक ते तीन महिने लागतात. क्वचित आठवडाभरात, तर कधी वर्षभरानंतरही ती दिसतात. एकदा लक्षणं सुरू झाली की रुग्ण वाचणं जवळपास अशक्य असतं. जून २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका तरुण कबड्डीपटूचा मृत्यू झाला. गटारातून पिल्लू बाहेर काढताना त्याला किरकोळ चावा बसला होता आणि त्यानं लस घेतली नव्हती.

पहिल्या काही तासांत काय करायचं?

- जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवावी. चुना, तिखट, हळद, कॉफी पावडर असं काहीही लावू नये.
- त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सरकारी रुग्णालयांत रेबीजची लस मोफत मिळते. कबनूरकरांना जवळचं मोठं सरकारी रुग्णालय म्हणजे इचलकरंजीतलं इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय, म्हणजेच 'आयजीएम', आणि जिल्ह्याच्या पातळीवर कोल्हापूरचं 'सीपीआर'.
- डॉक्टर जखमेची श्रेणी ठरवतात. धडधाकट त्वचेला नुसतं चाटलं असेल तर पहिली श्रेणी, लस लागत नाही. रक्त न आलेला ओरखडा ही दुसरी, लस लागते. त्वचा फाटली, रक्त आलं किंवा उघड्या जखमेवर लाळ पडली तर तिसरी. यात लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, थेट जखमेत आणि तिच्या भोवती द्यावं लागतं.
- पहिला डोस ज्या दिवशी, तो शून्य दिवस धरतात. लस त्वचेत दिली तर डोस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. स्नायूत दिली तर १४ व्या दिवसाचा आणखी एक.
- पहिल्या दिवशी इम्युनोग्लोब्युलिन मिळालं नाही, तर पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत ते घेता येतं. 'कुत्रा दहा दिवस बघू, मग ठरवू' असं म्हणत उपचार लांबवू नयेत.

लसीचे डोस घेऊनही कोल्हापुरात एका तरुणीचा रेबीजनं मृत्यू झाल्याची बातमी जिल्ह्यानं वाचली आहे. अशा घटना विरळ असतात. पण त्यातून एक गोष्ट लक्षात ठेवावी. लसीच्या कार्डावर फक्त डोसच्या तारखा आहेत, की जखमेची श्रेणी आणि इम्युनोग्लोब्युलिनचीही नोंद आहे, हे दवाखान्यातून निघण्याआधी बघून घ्यावं. हे जिवासाठी महत्त्वाचं आहे आणि पुढे दाव्यासाठीही.

संसर्गामुळे दाव्यात नेमका काय फरक पडतो?

एक, नुकसानीची रक्कम बदलते. साध्या जखमेत ड्रेसिंग, इंजेक्शन आणि दोन-चार दिवसांची मजुरी एवढाच हिशेब असतो. संसर्ग झाला की रुग्णालयातला मुक्काम, शस्त्रक्रिया, महागडी प्रतिजैविकं, सोबत थांबणाऱ्या नातेवाइकाचा बुडालेला रोजगार, कायमचा व्रण, बोटांची कमी झालेली हालचाल असे मुद्दे जोडले जातात. कायमचं अपंगत्व आलं असेल तर भविष्यातल्या कमाईचं नुकसानही मागता येतं.

दोन, सिद्ध करण्याचं ओझं वाढतं. समोरचा पक्ष हमखास विचारतो, की संसर्ग चाव्यामुळेच झाला कशावरून? नंतर जखमेत घाण गेली नसेल कशावरून? इथे तारखा बोलतात. चावा सोमवारी, दवाखान्यात नोंद सोमवारी, सूज मंगळवारी आणि पुवाच्या तपासणीत कुत्र्याच्या तोंडात आढळणारा जिवाणू, अशी साखळी असेल तर तो प्रश्न फारसा टिकत नाही. पहिली नोंदच पाचव्या दिवशीची असेल तर साखळी तिथेच तुटते. म्हणून जखम चिघळली असेल तर पुवाची 'कल्चर' तपासणी करता येईल का, हे डॉक्टरांना विचारावं. ती योग्य औषध ठरवायला उपयोगी पडते आणि पुरावाही ठरते.

तीन, उपचारातली दिरंगाई अंगावर येऊ शकते. आपलं नुकसान वाढू नये यासाठी वाजवी काळजी घेणं ही जखमी माणसाचीही जबाबदारी मानली जाते. डॉक्टरांनी सांगूनही डोस चुकवले किंवा प्रतिजैविकं अर्धवट सोडली, तर भरपाई कमी होऊ शकते. मात्र लसच उपलब्ध नव्हती म्हणून उशीर झाला असेल, तर तसं केसपेपरवर लिहून घ्यावं.

चार, आधीच्या आजारामुळे हक्क जात नाही. 'त्याला शुगर होती म्हणून जखम चिघळली, आमचा काय दोष?' असा युक्तिवाद होतो. पण कायद्याचं जुनं तत्त्व असं आहे, की ज्याच्या चुकीमुळे इजा झाली त्यानं जखमी माणसाला तो आहे त्या प्रकृतीसह स्वीकारायचं असतं. आधीच्या आजारामुळे इजा वाढली, एवढ्यावर जबाबदारी संपत नाही.

पाच, घाईची तडजोड महागात पडते. शेजाऱ्याच्या पाळीव कुत्र्यानं चावा घेतला की गल्लीतली चार माणसं बसतात, इंजेक्शनचा खर्च ठरतो आणि कागदावर सही होते. त्या कागदात 'यापुढे कोणतीही मागणी राहणार नाही' असं असेल तर पंधरा दिवसांनी करावी लागलेली शस्त्रक्रिया त्यात अडकू शकते. तडजोड करायचीच असेल तर 'पुढे संसर्ग वा गुंतागुंत झाल्यास त्याचा खर्च वेगळा' असं वाक्य त्यात असावं. निदान लसीचा कोर्स पूर्ण होऊन जखम भरेपर्यंत तरी अंतिम सही टाळावी.

भरपाई मागायची कोणाकडे?

कुत्रा पाळीव असेल तर मालकाकडे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ही शिक्षा झाली. भरपाईसाठी दिवाणी दावा वेगळा असतो.

कुत्रा भटका असेल तर विषय स्थानिक स्वराज्य संस्थेकडे जातो. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही त्यांची जबाबदारी आहे. कबनूरसारख्या ठिकाणी इथेच पहिली अडचण येते. इचलकरंजी २०२२ मध्ये महानगरपालिका झाली, पण कबनूरची हद्द वेगळी आहे. कुत्रा हद्द ओळखत नाही, नोटीस मात्र हद्दीप्रमाणेच जाते. त्यामुळे चावा नेमका कुठे झाला, हे जवळच्या दुकानाच्या, कारखान्याच्या किंवा चौकाच्या नावासह तक्रारीत लिहावं. शंका असेल तर दोन्ही संस्थांना अर्ज द्यावा.

कामावर असताना, कारखान्याच्या आवारात किंवा पहारा देताना चावा झाला, तर कर्मचारी नुकसानभरपाईच्या कायदेशीर तरतुदी किंवा लागू असल्यास राज्य कामगार विमा योजना यांचाही विचार करता येतो.

इतर राज्यांत काय दर आहेत?

पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२३ मध्ये १९३ याचिकांवर एकत्रित निकाल दिला. दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १० हजार रुपये आणि मांस निघालं असेल तर जखमेच्या प्रत्येक ०.२ सेंटीमीटरमागे किमान २० हजार रुपये, असा हिशेब त्यात आहे. केरळमध्ये अशा अर्जांसाठी सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये न्यायमूर्ती सिरी जगन समिती नेमली होती. कर्नाटक सरकारनं २०२५ मध्ये भटक्या कुत्र्यांच्या हल्ल्यातल्या मृत्यूसाठी ५ लाख रुपयांची मदत जाहीर केली.

पंजाब-हरियाणाचा हिशेब नीट पाहिला तर त्यात दात मोजलेत, जखम मोजली आहे. संसर्गाचा वेगळा दर नाही. पण रकमा 'किमान' आहेत. त्याहून जास्त मागायचं तर संसर्गाचे कागद दाखवावेच लागतात.

हा निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही, दाखला म्हणून मात्र मांडता येतो. मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख, तर जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. तो आदेश कुत्राचाव्याचा नाही. पण स्थानिक संस्थेनं कर्तव्यात कसूर केली तर नागरिकाला भरपाई द्यावी लागते, हे तत्त्व त्यात आहे.

कबनूरच्या माणसानं दाद कुठे मागायची?

आधी लेखी तक्रार आणि नोटीस. महानगरपालिकेविरुद्ध दावा करायचा तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ नुसार एक महिना आधी नोटीस द्यावी लागते आणि दावा सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. महानगरपालिकेच्या हद्दीबाहेरच्या घटनेसाठी नोटिसीची आणि मुदतीची अट वकिलाकडून लगेच तपासून घ्यावी. हात बरा होण्याची वाट पाहण्यात ही मुदत निघून जाऊ शकते.

संस्थेची चूक दाखवण्यासाठी माहिती अधिकार कामी येतो. १० रुपयांच्या अर्जात त्या भागातल्या कुत्र्यांबाबत आधी किती तक्रारी आल्या, वर्षभरात किती नसबंदी आणि लसीकरण झालं, हे विचारता येतं. उत्तरासाठी साधारण ३० दिवसांची मुदत असते.

उच्च न्यायालयात जायचं तर आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झालं आहे. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठीचा हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे.

हे कागद जपून ठेवावेत

- पहिल्या दिवशीचा केसपेपर. त्यात 'कुत्रा चावल्याची जखम', वेळ, ठिकाण आणि श्रेणी असावी.
- लसीचं कार्ड, इम्युनोग्लोब्युलिनच्या नोंदीसह.
- जखमेचे पहिल्या दिवसापासूनचे फोटो, तारीख दिसेल असे. जखमेशेजारी पट्टी ठेवली तर आकारही कळतो.
- कल्चर आणि रक्त तपासणीचे अहवाल, डिस्चार्ज कार्ड, औषधांची आणि प्रवासाची बिलं.
- मजुरीचा पुरावा. पगार रोखीनं मिळत असेल तर हजेरी-पगाराच्या वहीचा फोटो किंवा मालकाचं पत्र.
- तक्रारीची पोच, साक्षीदारांची नावं आणि आसपासचं सीसीटीव्ही चित्रण. ते थोड्याच दिवसांत पुसलं जातं, म्हणून लगेच मागावं.
- हालचाल कमी झाली असेल तर अपंगत्वाचं प्रमाणपत्र.

सुरुवातीच्या उदाहरणातला कामगार त्याच सकाळी रुग्णालयात गेला असता, तर कदाचित हात इतका सुजलाच नसता. आणि तरीही सुजला असता, तर निदान त्या सकाळचा केसपेपर त्याच्या हातात असता.